गोदामांमागची जवळची वाट

मी, ऑफिसात व गल्लीत ‘आकडेशास्त्री’ म्हणून ओळखला जाणारा, वय ५१, धंदा नोकरी, राहणार गोदामांमागील वसाहत, दुसरा मजला, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून जबाब देतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. पत्नी औषधांच्या दुकानात कामाला आहे. आमच्या ऑफिसातर्फे देशभर घरोघरी जाऊन ‘तुम्हाला कुणी मारहाण, दमदाटी केली का’ असे विचारले जाते. त्या उत्तरांचे दरवर्षीचे आकडे जुळवणे हे माझे काम. वीस वर्षांत मारहाणीला बळी पडणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले आहे. हे जबाबात कशाला, असे हवालदारसाहेब म्हणाले; पण मी त्याच भरवशावर पत्नीला त्या वाटेने नेले, म्हणून लिहावे.

पत्नी वर्षभर दुकानात जाताना गोदामांमागची वाट सोडून बाजारातून वळसा घेते. मी तिची चेष्टा करायचो. देशातले गुन्हे घटले आणि आमच्या घरातली भीती वाढली, असे पाहुण्यांसमोरही म्हणालो आहे. आज सकाळी ती नको नको म्हणत असता मी हट्टाने तिला जवळच्या वाटेने घेऊन निघालो. मी पुढे होतो आणि मागे न बघता बोलत होतो.

आवाज झाला म्हणून वळलो. निळा शर्ट घातलेल्या एका अनोळखी इसमाने पत्नीचा हात पिरगळून तिला भिंतीशी दाबले होते. तिचा ओठ फुटला होता. तो तिला म्हणाला, “बऱ्याच दिवसांनी इकडून?” मी ओरडलो तसा तो गोदामांच्या बाजूला पळाला. मी त्याच्यामागे धावलो नाही, याची मला लाज वाटते.

तो असे का म्हणाला, ते मला कळले नाही. त्याने तिला दुसरीच कुणी समजून धरले असावे. तू याला ओळखतेस का, असे मी विचारले. पत्नी म्हणाली, “आधी रक्त पुसू द्या.” मग ती माझ्या पुढे होऊन ठाण्याकडे चालू लागली.

मागच्या महिन्यात आमच्याच ऑफिसातल्या बाई आमच्या घरी प्रश्न विचारायला आल्या होत्या. प्रत्येक मोठ्या माणसाला वेगळे विचारायचे असा नियम आहे. पत्नी आत कपड्यांना इस्त्री करत होती. बाई ओळखीच्या, तेव्हा मी दोघांच्या वतीने ‘काही नाही’ सांगून त्यांना मोकळे केले. हे ऐकून इथे कुणीतरी ‘दिव्याखाली अंधार’ म्हणाले. आकडे खोटे नाहीत, ते मी स्वतः तपासतो. पण अशी उत्तरे किती घरांतून आली असतील, ते मला सांगता येत नाही.

पत्नीच्या बाबतीत यापूर्वी असे घडले होते काय, असे विचारल्यावर मी ‘नाही’ म्हणालो व आपण ते लिहिले. ते खोडावे. मला माहीत नाही. ती बाहेर बाकावर बसली आहे. तिला एकटीला विचारावे, मी फाटकापाशी थांबतो.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. खोडलेल्या शब्दाशेजारी मी सही केली आहे.