चिंचेखाली मुजरा न्हाय

अध्यक्षसाहेब, वहिनी, उचगावची मंडळी, आणि शिरोलीतनं पाळी बदलून आलेली तुमी सगळी माणसं,

मी गुलाब मुजावर. रंगराव चौगुल्याची प्रत्येक कादंबरी माझ्या छापखान्यात छापली. जन्मभर शुद्ध भाषा छापत आलोय, बोलतो मात्र असा. सांभाळून घ्या. न्हाय घेतलं तरी चालंल.

परवा त्याला पंचगंगेच्या काठावर पोचवून आलो. माझ्या छापखान्यात त्याचं स्टूल हाय, त्याच्यावर कुणाला बसू देत न्हाय मी. आज दोन शब्द बोलून गप खाली बसायचं, असं ठरवून आलतो. पण माझ्या आधी साहेबांनी ठराव वाचून दाखवला, आणि रडू कुठल्या कुठं पळालं. राग आला. आता रागानंच बोलतोय.

ठराव काय? उचगाव फाट्यावर रंगरावाच्या नावाची कमान उभी करायची. वर संगमरवरी पाटी. लई छान! टाळ्या बी पडल्या. पण कमान कुठं उभी करणार? तर जिथं चिंच हाय तिथं. म्हणजे चिंच काढून. अवो, ज्या झाडासाठी हा माणूस मेला तेच तोडायचं आणि तिथं त्याचं नाव लावायचं? काय डोकं ठिकाणावर हाय का न्हाय?

ज्यांनी त्याचं पुस्तक वाचलं न्हाय त्यांच्यासाठी सांगतो. न वाचण्यात कमीपणा न्हाय. ठराव लिहिणाऱ्यांनी बी वाचलेलं दिसत न्हाय.

त्याच्या पहिल्या कादंबरीत एक जहागीरदार हाय. त्याच्या दारात जायचं तर कमरेत वाकून मुजरा करायचा. म्हातारा असो, आजारी असो, सुटका न्हाय. एक दिवस त्याचे काही शिलेदार चाकरी सोडतात, शिवारातल्या चिंचेखाली येऊन बसतात आणि नेम करतात, की हितं कुणी कुणाला मुजरा करायचा न्हाय. पाटील आला तरी मांडीला मांडी लावून बसायचं. मग हळूहळू सगळा मुलूख तिथं येऊन बसाय लागतो. जहागीरदाराला ते झाड खुपाय लागतं. एवढीच गोष्ट.

छापताना मी भांडलो. म्हटलं, "रंगा, ऐतिहासिक कादंबरी म्हणजे मुखपृष्ठावर गड पाहिजे, तोफ पाहिजे. चिंच काय घालतोस? लोकांना आमटीचं पुस्तक वाटंल."

तो म्हणाला, "गुलाब, गडाला किल्लेदार असतो. तोफेला मालक असतो. आज ह्याचा, उद्या त्याचा. ज्याच्या सावलीला कुलूप घालता येत न्हाय असं एक तरी माझ्या पुस्तकात असू दे की."

मी चिंचच छापली.

पुढं एका विद्वानानं विचारलं, असं झाड कुठल्या बखरीत हाय? रंगा म्हणाला, "बखर लिहिणारा दरबारात बसलेला. झाडाखाली कोण बसलंय ते त्याला कुठनं दिसणार?"

पण खरी गंमत तर पुढंच हाय. ती चिंच त्यानं मनानं रचली होती. माझ्यासमोर, चहा पीत पीत. आणि उचगावच्या लोकांनी पुस्तक वाचून ठरवून टाकलं, की ही तर आपल्या फाट्यावरची चिंच! रंगा तावातावानं सांगायला गेला. मी बी सोबत गेलतो. "अवो, ते झाड खोटं हाय. मी रचलंय." तिथं शिरोलीच्या फौंड्रीतनं सुटलेली माणसं भाकरी खात बसलेली. हातातोंडाला काजळी तशीच. त्यांतला एकजण म्हणाला, "रचलं तर रचलं. दिवसभर मुकादमापुढं वाकतोय आमी. न वाकायची एक जागा तुमी दावलीसा. आता ती माघारी मागू नका."

येताना रंगा सायकल हातात धरून चालत आला. छापखान्याच्या दारात म्हणाला, "इथनं पुढं जपून लिवाय पाहिजे गुलाब. माणसं खरं धराय लागली."

एकदा एक बाई चिंचेला हळदीकुंकू वाहून डोकं टेकाय लागली. रंगा धावत गेला. "आक्का, हिच्यापुढं बी न्हाय!" ती म्हणाली, "मग करू काय?" हा म्हणाला, "बसा. बोला." ती बसली. आज मागच्या रांगेत बसलीय ती. व्हय का न्हाय, आक्का?

आणि मग एका पुढाऱ्याची जीप आली. नाव घेत न्हाय, ज्याचं त्याला कळंल. उतरले आणि पायाला हात लागायची वाट बघत उभे राहिले. कोण उठंना. फौंड्रीतला बाबू म्हातारा, ज्यानं जन्मात साहेबापुढं मान वर केली न्हाय, तो बसल्या जागेवरनं म्हणाला, "रामराम पावणं. टेका की. हितं कोण वाकत न्हाय."

झालं! त्या दिवसापासनं चिंच रस्त्याच्या आड यायला लागली. तोवर ऊसगाड्या निवांत वळसा घालून जात होत्या, कुणाचं चाक अडलं न्हवतं. दोनदा करवत आली. दोन्ही वेळेला रंगा बुंध्याला पाठ लावून बसला. छातीत दुखत असताना बसला. वहिनी, तुमी डबा घेऊन यायचासा, घरी चला म्हणून विनवायचासा. तो हटला न्हाय. त्या दुखण्यानंच गेला.

दवाखान्यात रंगा मला म्हणालता, "मी गेल्यावर ही माणसं माझ्याबद्दल चांगलं बोलाय लागली, की तू सावध राहा." मला चेष्टा वाटली. चेष्टा न्हवती ती. करवतीनं जमलं न्हाय ते आता हारानं करायचं चाललंय.

साहेब, कमान झाली की फीत कोण कापणार, पुढं पुढं कोण करणार, पाया कोण पडणार, हे मला आत्ताच दिसतंय. त्याच्याच नावाखाली वाकायला लावणार आमाला? न्हाय जमणार. तुमच्या निवडणुकीची पत्रकं मी छापतो, हे सगळ्या गावाला ठाऊक हाय. उद्यापासनं दुसरीकडं द्या. माझं पोट त्याच्यावर चालत न्हाय. आणि करवत घेऊन आलासा, तर बुंध्याला पाठ लावून हा मुजावर बसलेला दिसंल. एकटा असलो तरी बसणार.

आता श्रद्धांजली. रीत अशी की उभं राहायचं, मान खाली घालायची आणि दोन मिनिटं गप राहायचं. उभं राहू. गप बी राहू. पण मान खाली घालायची न्हाय. ज्याला हा ठराव मंजूर असंल त्यानं खुशाल घालावी. बाकीच्यांनी समोर बघा. रडू आलं तर येऊ दे, पुसू नका, पण मान वर.

रंगा, तुला मुजरा न्हाय गड्या. रामराम.

उठा सगळे. साहेब, तुमी बी उठा.