न घरंगळणारं पेन

‘अकरा डिसेंबर, गुरुवार. सकाळपासून ओला बर्फ.’ — हां, बस्स, एवढंच. तारीख आणि हवा. प्रत्येकाला हेच लिहायला लावते मी. ‘काहीही लिहा’ म्हटलं की माणसं सही करतात, आणि सही करताना हात नाटक करतो. हवा लिहिताना खरा असतो. सुंदर आहे हो तुमचं अक्षर, त्सुकुदासान. बारीक, उजवीकडे कललेलं, दाब जवळजवळ नाहीच. चहा घ्या ना, निवतोय.

आता मला सांगा, असला हात असणाऱ्या बाईला अंगठ्याएवढं जाड पेन कशाला हवं? नाही, गिऱ्हाइकाची इच्छा, मान्य — पण पेन मी करणार, मी विचारणारच. टोपणाला आटे नकोत म्हणता, नुसतं ओढलं की निघावं. का? आटे फिरवायला बोटं स्थिर लागतात म्हणून? एबोनाइटचंच हवं, त्या कडक रबराचं, घामेजल्या हातातून निसटत नाही म्हणून. निब कडक हवी, दाब कमीजास्त झाला तरी रेघ फाकू नये म्हणून — तुमच्या हाताला कुठाय घाम? तरीही मी गप्प बसले असते. म्हटलं असतं, असेल संधिवात. पण मग तुम्ही म्हणालात, क्लिप नको, आणि तरी टेबलावरून घरंगळायला नको.

ते माझ्या बाबांचं डोकं. आतलं भोक केसभर बाजूला पाडायचं. बाहेरून पेन गोल ते गोलच, पण एक अंग जड. टेबलावर ठेवलं की अर्धा वळसा घेतं, डोलतं, थांबतं. एबोनाइटच्या किती दांड्या फुकट घालवल्या त्यापायी, याच लेथवर! आणि शेजारी कोण उभं असायचं? ओनोगी. बाबांचा शिष्य. आमच्याकडे जेवायचा, आमच्याकडे झोपायचा, माझ्याशी — असो. टोकियोला गेला, आणि पुढच्याच वसंतात प्रदर्शनात तेच पेन, खाली नाव ओनोगीचं. बाबांनी पेपरची घडी घातली आणि लेथचा पट्टा उतरवला. परत चढवला नाही. मी चढवला, ते गेल्यावर.

तुमच्या भुवया त्याच्यासारख्या आहेत. दारातून आत आलात तेव्हाच — उठू नका, बसा. लेक ना त्याची? मग? किती थरथरतो हात? घास तरी नीट जातो का तोंडात? अरेरे. स्वतःला लेथवर उभं राहवत नाही, हाताखालच्यांना सांगायची लाज वाटते. आणि वसंतात सत्कार, सगळ्यांसमोर नाव लिहायचं, हो ना? वाचलं मी. त्या हातानं लिहिता येईल असं पेन कोण करू शकेल, हे त्याला पक्कं ठाऊक. बरोबरच आहे त्याचं. मधल्या बोटाला डावीकडे घट्टा, लिहिताना पेन आत वळवतो, अंगठा वर सरकतो — डोळे मिटून करीन मी. केलंही होतं एक. लग्नात द्यायला. असेल कुठेतरी. नाही, दाखवणार नाही, तुमचा काय संबंध!

रडू नका, कागद भिजेल.

हे बघा, आमची रीत एकच. या खुर्चीवर जो बसेल, पेन त्याच्याच हाताचं. दुसऱ्याच्या वतीनं माप घेत नाही. बाबांचा नियम, ओनोगीला तोंडपाठ आहे, आणि तरी तुम्हाला पाठवलं, तेही सासरच्या नावानं! त्यानं यावं. इथं बसावं, तारीख लिहावी, हवा लिहावी. मी समोर बसेन. अक्षरं वेडीवाकडी होतील, शाई सांडेल, सांडू दे — मी बघेन. सगळं बघेन, सावकाश. एवढंच हवंय मला. मग करीन त्याचं पेन, आयुष्यात केलं नाही असं करीन.

काय? गाडीत आहे? बाहेर? — इतका वेळ? मग जा ना! सांगा त्याला, तोमोए म्हणते आत ये. जा, जा, छत्री राहू दे, दोन पावलं तर आहेत —

एकट्याच?

काय म्हणाला? नाही, असं नाही. त्याच्या शब्दांत सांगा.

‘तुझ्याच मापाचं करून घे.’

मान वर केली का बोलताना? — हं.

ठीक. मग सरळ बसा, खांदे सैल सोडा, हात इकडे द्या. एबोनाइट, काळं. पकड बारीक, तुमच्या तीन बोटांपुरती. भोक मधोमध. क्लिप लावीन. टोपणाला आटे, साडेतीन फेरे. निब मऊ, तुमच्या कलाप्रमाणे घासलेली. वर नाव तुमचं. जूनमध्ये मिळेल. या आता.