हळदीच्या गाण्यातलं नाव

नागभीडला चांद्याची मोटार अजून लागली नव्हती. मांडीवरच्या तान्हीवर पदराची सावली धरून मालिनी बाकावर बसली होती. पलीकडे जमिनीवर ढोलवाला दसरू बसला होता, आणि त्याच्याच गावची सोनीबाई.

"सुकरीची सोयरीक मोडली म्हन्तेत, बाई," दसरू म्हणाला.

"मोडली. नवरदेवाचा बाप आंगनातूनच वापस गेला."

"काऊन पन?"

"तुमी इचारता काऊन, भाऊ? सारा उनाळा आपन क्लबात साहेबलोकायपुढं हळदीचं गानं म्हनलं. गान्यात नवरीचं नाव लागते, म्हून दर शनवारी माह्या सुकरीचं घातलं."

"साहेबायले तेच गानं पायजे. अन् नावाबिगर ते म्हनता येत नाई."

"तो म्हने, आठ डाव हळद लागलेली पोरगी मले नाई पायजे."

"हळद खोटी होती ना, बाई."

"नाव तं खरं होतं."

गेल्या शनिवारी क्लबात साहेबलोकांमध्ये पुढच्याच खुर्चीवर बसून मालिनीने ते गाणं पुन्हा म्हणायला लावलं होतं. तिने मोटारीच्या वाटेकडे तोंड फिरवलं.

"अजून तीन शनवार हायेत," दसरू म्हणाला. "सुकरीचं नाई घालत आता. पन दुसरी कोनती माय नाव देऊन नाई राह्यली."

"माह्या थोरलीचं घ्या."

"रुपीचं? ते तं गेल्या पावसात मेली ना, बाई."

"म्हून तं म्हनलं. तिले मागाले आता कोनी येत नाई."