आईच्या नावाचं झाड

मंडळी, ऐका! पित्त तुमचं खवळलं आणि लंघन शेजाऱ्यानं केलं, तर पोट कुणाचं बरं होईल? हसू नका. कथा त्याचीच आहे!

सांगलीचे भास्करराव इंगवले. नोकरी मोठी, दर आठवड्याला विमान! मनाला टोचायचं हो – एवढा धूर आपल्यापायी! तेवढ्यात एक कंपनी भेटली. म्हणाली, "साहेब, खुशाल उडा! तुमच्या नावानं आम्ही डोंगरावर झाडं लावतो, ती धूर पितात."

वा रे वा! विमान तासाभरात धूर ओकून मोकळं – रोपानं तो प्यायचा वर्षानुवर्षं! तेही जगलं तर! मला तर तिथंच संशय आला.

पुढं भास्कररावांची आई गेली. त्यांनी झाडावर तिचं नाव घालायला सांगितलं. आपल्याकडं देवळाच्या पंख्यावरसुद्धा 'यांच्या स्मरणार्थ' लिहितात – पातं फिरलं की आजोबा गरगर फिरतात! तर फोटो आला. हिरवंगार रोप, मागं दुभंगलेला खडक, पुढं पाटी – 'कै. अनसूयाबाई'. भास्कररावांचे डोळे भरून आले.

बायको मालिनीबाई मात्र फोटो डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, "अहो, पाटी तारेनं नुसती अडकवलीय. कुणी काढली तर?"

"तुला प्रत्येक गोष्टीत संशयच!"

वर्षश्राद्ध झालं. आईच्या झाडाला पाणी घालायचं म्हणून दोघं डोंगरावर गेले. हातात तिचाच तांब्या. तोच खडक, तेच झाड – आणि झाडाशी एक परकी बाई! पाणी घालतेय, रडतेय, "अप्पा, अप्पा" म्हणतेय! पाटी काय? 'कै. शंकरअप्पा'!

भास्करराव कंपनीच्या राखणदारावर ओरडले, "माझी आई कुठंय?"

तो खाली मान घालून म्हणाला, "साहेब, झाडं लावली होती हो पुष्कळ. पाण्यावाचून गेली. हे एकच जगलं. फोटोपुरत्या पाट्या बदलतो."

काय वाटलं असेल लेकाला! तांब्या हातातच राहिला. तेवढ्यात फोन वाजला – संध्याकाळच्या विमानाची आठवण!

मालिनीबाई हळूच म्हणाल्या, "आता हा धूर कुणाच्या आईनं प्यायचा?"

भास्कररावांनी तिकीट रद्द केलं. त्या बाईशेजारी उभं राहून तांब्या झाडाला ओतला. नोकरीतल्या वरच्या साहेबाला फोन लावला, "आजपासून बैठक पडद्यावर. यावंच लागलं तर रेल्वेनं येईन." साहेब चिडला. चिडू दे!

थांबा, टाळ्या नकोत. तुमच्या मंडळाची काशीयात्रा ठरलीय म्हणे – विमानानं! बदल्यात झाडंही लावायला सांगितलीत. ती झाडं कुणी पाहिलीत? हात वर करा.

एकही नाही? बरं. काशीला रेल्वे जाते. तिनं कोण येतंय? करा वर! वा, माउल्या पुढं आल्या! तो मागचाही आला!

अध्यक्षसाहेब, तुमचा हात अजून मांडीवरच आहे!