कानाच्या गोळ्या

नांदेडच्या कानाच्या दवाखान्यात सासूला बाकावर बसवून सुकन्या खालच्या मेडिकलमधून गोळ्या आणायला गेली. परत आली तेव्हा शरणम्मा हदगावच्या एका बाईशी बोलत होत्या. सुनेकडं त्यांची पाठ होती.

"कशाच्या गोळ्या म्हणलात?"

"व्हिटॅमिनच्या. हाय तेवढं ऐकणं टिकंल कदाचित, असं डॉक्टर म्हणले."

"मंग घेत जावा की."

"तोंडात धरते अन् मोरीत थुंकते."

"अगं बाई! काहून?"

"सून माझ्यासमोरच फोनवर बोलती. म्हातारी कधी जाती, म्हणती. तिला वाटतं, मला ऐकू येत न्हाई."

"लेकाला सांगा मंग."

"न्हाई हो. पोरगी लई राबती माझ्यासाठी. मला ऐकू येतं हे तिला कळलं, तर लाजंनं मरंल. त्यापरीस कानच गेलेले बरे."

सुकन्येच्या मुठीत गोळ्यांची पिशवी चुरगळली. मग ती पुढं येऊन सासूच्या पायाशी बसली आणि अगदी हळू म्हणाली,

"आत्याबाई, चुकले मी."

शरणम्मांनी कानामागं हात धरला.

"आं? भूक लागली म्हणतीस? चल, घरला जाऊन जेवू."