जिना चढून दाखवा

मी लातूरला एका कोचिंग क्लासच्या इमारतीत लिफ्ट चालवतो. पण लिफ्ट बंद ठेवायचं कामही मी केलंय, ते ऐका.

आमच्या संचालक सरांची बायपास झाली आणि नेमके तेव्हाच प्रवेश सुरू झाले. गावभर एकच बोलणं, सर काही हे वर्ष काढत नाहीत, क्लास विकायला काढलाय. पालक दुसऱ्या क्लासकडे वळू लागले. शेवटी टाके सुकायच्या आत सरांच्या मुलानं त्यांना घरून उठवून आणलं.

मी लिफ्टचं दार उघडलं, तर अहमदपूरचे एक पालक आडवे आले.

"लिफ्टनं कुणीबी जाईल. सर, तुमचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर हाय ना? जिना चढून दाखवा. आमच्या लेकराचं अख्खं वर्ष हाय."

सरांचा मुलगा मला म्हणाला, "लिफ्ट बंद कर रे."

सर हसत चढू लागले. मी पाण्याची बाटली घेऊन मागे. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी कठडा धरला, तर खालून कुणी ओरडलं, "बघा, थांबले!" सर लगेच पुढे निघाले. ते वर पोचले तशा खाली टाळ्या पडल्या, आणि सगळे प्रवेशाच्या खिडकीकडे धावले.

सर बाकावर बसले. ओठ काळे पडले होते.

"लेका, आता मला लिफ्टनं खाली ने."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मीच उचलला. मुलगा होता.

"पप्पांना म्हणावं, जिन्यानंच उतरा. नांदेडचे पालक आत्ता आलेत, त्यांनी चढताना बघितलं नाही."