आधी पाहुणा

शहागंजच्या इम्रानपुढं जंगलाचं नाव काढून बघा, चहा अर्धा टाकून उठतो. गेल्या श्रावणात आम्ही दोघं घाटातल्या एका आदिवासी पाड्यावर राहायला गेलतो. जंगल दाखवणारे सोमामामा आत शिरायच्या आधीच म्हणले, "पाहुणा भाईर पडल्याबिगर मी भाईर पडत नाय. आमची रीत हाय."

परतताना इम्रान गंमत म्हणून झाडामागं लपला. मामा मला पुढं काढून देऊन त्याला शोधायला माघारी वळले. हा पठ्ठ्या तवर दुसऱ्या वाटेनं पाड्यावर येऊन भाकर खात बसला. आम्ही मामाला लई हाका मारल्या, पण त्या पावसात कुणाला काय ऐकू जातंय.

दुसऱ्या दिवशी मामा घळीत सापडले. मांडी मोडलेली, रक्त लई गेलेलं. पाड्यावरच्या माणसांनी झोळी करून उचललं, मागचा एक खांदा इम्रानचा. तो सारखा म्हणायचा, "मामा, मजाक था."

जंगल संपतं तिथं शेंदऱ्या दगड हाय. तिथं मामांनी हात वर केला. झोळी थांबली.

"आधी पाहुणा," मामा म्हणले.

मी दगडापल्याड गेलो. पाड्यावरच्या एकानं इम्रानचा खांदा सोडवून घेतला. सगळे त्याच्याकडं बघत उभे राहिले. हा तिथंच रडत उभा, पाऊल उचलंना.

मी हळूच म्हणलो, "निघ ना भौ. ते मरायलेत."